जुना डाव, नवी पानं

प्रश्न : ताई, आम्ही तिघा मित्रांनी २००९ साली गिरगावात बसून ऑनलाइन मेंढीकोट बनवला, तोच दश्श्या जिंकायचा पत्त्यांचा डाव. तेव्हा तो फ्लॅश या ब्राउजरमध्ये खेळ चालवायच्या जुन्या साधनात होता. फ्लॅश बंद होणार म्हटल्यावर २०२० मध्ये घाईघाईने ब्राउजरसाठी पुन्हा लिहिला, पण चित्रं, बटणं, अक्षरं सगळी तीच, ८०० बाय ६०० च्या चौकटीत. रोज संध्याकाळी अजून पाच-सहाशे माणसं खेळायला येतात. बहुतेक पन्नाशीच्या पुढची, आणि निम्म्याहून जास्त आता फोनवरून. पानं दिसत नाहीत म्हणून ओरडतात. म्हणून गेल्या दिवाळीत नवं रूप आणलं, तर दुप्पट ओरडले. चार दिवसांत जुनं परत लावावं लागलं. आमचा डिझायनर मुलगा म्हणतो, 'सवय होईल लोकांना, रेटा.' रेटू का? – एक भिडू, गिरगाव

उत्तर : दादा, रेटू नका.

मुलगा हुशार आहे. तुम्ही पाठवलेली त्याची चित्रं पाहिली. ती इस्पिकची राणी तर मी छापून भिंतीला लावीन. पण त्याने एका रात्रीत तीन गोष्टी बदलल्या: पानांचं रूप, बटणांच्या जागा आणि डावाची लय. तुम्ही सोबत जोडलेल्या तक्रारी मी एकेक करून वाचल्या. राणी आवडली नाही असं त्यात कुणीच म्हटलेलं नाही. 'हुकूम उघडा' कुठे गेलं, हात उचलायला एवढा वेळ का लागतो, बोट लागलं आणि भलतंच पान पडलं. फिरून फिरून हेच.

दादर स्थानकात डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले, जुना एक आठ झाला. फलाट तसूभर हलला नाही, गाडी तिथेच लागत होती, तरी माणसं किती दिवस 'आठ म्हणजे जुना एक ना?' असं विचारत होती. तुम्ही तर फलाटच हलवलात. पंधरा वर्षं रोज खेळणारा माणूस 'हुकूम उघडा' हे बटण वाचत नाही. त्याचं बोट उजव्या वरच्या कोपऱ्यात आपोआप जातं. नव्या रूपात त्या कोपऱ्यात 'मित्राला बोलवा' आलं होतं. बंद हुकमाच्या डावात, हातात उतारीचा रंग नाही, हुकूम उघडून मेंढी, म्हणजे दश्शी, मारायची आहे, आणि पडद्यावर विचारलं जातंय की कुणाला निरोप पाठवू? मीसुद्धा ओरडले असते.

आता मोठ्या खेळांनी काय केलं ते सांगते, कारण तुमच्या मुलाला माझ्यापेक्षा त्यांचं पटेल. 'स्टारक्राफ्ट' हा सैन्यांच्या लढाईचा खेळ १९९८ चा. त्याची नवी आवृत्ती ऑगस्ट २०१७ मध्ये आली. चित्रं नव्याने रंगवली, पडदा रुंद केला, पण खालचं यंत्र जसंच्या तसं ठेवलं. सैनिक कुठल्या वाटेने कसे वेडेवाकडे चालतात तेसुद्धा, कारण खेळाडूंनी त्या वेडेवाकडेपणावरच डावपेच बसवले होते. आणि एफ-५ दाबलं की चालू खेळात जुनं रूप समोर. पुन्हा दाबलं की नवं. जुन्या आवृत्तीवाला आणि नव्यावाला एकमेकांविरुद्ध खेळू शकत होते, कारण समोरच्याला कुठलं चित्र दिसतंय याच्याशी डावाला देणंघेणंच नव्हतं. 'डायब्लो २' ची २०२१ ची आवृत्तीही अशीच, जुन्या खेळावर नवी चित्रं चढवलेली आणि एका कळीवर अदलाबदल.

हे दोन्ही खेळ करणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीनेच जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३' च्या बाबतीत उलटं केलं. नवी आवृत्ती विकत न घेतलेल्यांनाही नवाच खेळ उतरवून घ्यावा लागला, आणि त्यात क्रमवारीचे सामने नव्हते, संघ नव्हते. पैसे परत करायची वेळ आली. चित्रं त्यातही नवीच होती हो.

'रूनस्केप' ची गोष्ट तर तुमच्या अगदी जवळची. २००१ मध्ये ब्राउजरमध्ये सुरू झालेला खेळ. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी लढाईची पद्धत आणि तिच्याबरोबर पडद्यावरची मांडणी बदलली. लोक सोडून जायला लागले. शेवटी कंपनीने ऑगस्ट २००७ ची राखून ठेवलेली एक प्रत शोधली, लोकांचं मत घेतलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये जुना खेळ वेगळा सुरू केला. आज नव्यापेक्षा जुन्यात जास्त माणसं असतात. तिथे मोठा बदल करायचा तर खेळाडूंचं मतदान होतं. आधी ७५ टक्के लागायचे, आता ७० पुरतात. मग हे लोक सुंदर चित्रांच्या विरोधात आहेत का? छे. २०२१ मध्ये एका खेळाडूने स्वतःच्या वेळात त्या जुन्या खेळावर उत्तम प्रकाश, पाणी, सावल्या चढवल्या. तो जोड बाहेर पडायच्या तोंडावर कंपनीने अडवला, तर खेळाडूंनी इतका गदारोळ केला की परवानगी द्यावी लागली. म्हणजे नवं रूप त्यांना हवंच होतं. बटणं मात्र जिथल्या तिथे हवी होती, आणि नको असेल त्याला ते रूप बंद करता यायला हवं होतं.

तुमच्याकडे हे करणं सोपं आहे. पानं पिसणं, वाटणं, पाळी कुणाची, हात कुणाचा, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर ठरतं ना? मग त्याला हातही लावू नका. पडद्यावरचा भाग तेवढा दोन वेशांत ठेवा आणि वेश बदलायची कळ डाव चालू असतानाही दिसेल अशी ठेवा. सेटिंगच्या पोटात चार पायऱ्या खाली नको. जुन्या खातेदारांना आधी जुनंच दिसू दे. नव्याने नाव नोंदवणाऱ्यांना नवं.

आता फोन. हे खरं दुखणं आहे आणि इथे जुनं तसंच ठेवून चालणार नाही. अँड्रॉइडच्या मोजमापात साधारण फोनची रुंदी ३६० एककं धरतात, आणि बोटाने दाबायची वस्तू किमान ४८ एककांची असावी असं गूगलचंच मार्गदर्शन आहे. तेरा पानं एका रांगेत लावलीत की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २७ येतात. भलतंच पान पडतं ते म्हाताऱ्या बोटांमुळे नाही, या भागाकारामुळे. मुलाने यावर उपाय म्हणून पंखा केलाय, बोट फिरवलं की पानं उलगडतात. दिसायला झकास. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून करून बघायला सांगा त्याला. त्यापेक्षा दोन रांगा करा, वर सात, खाली सहा. सात पानांना प्रत्येकी ५१ मिळतात, भागतं. रंगांचा डावीकडून उजवीकडे क्रम जुन्यातलाच. आणि एकदा टेकवलं की पान वर उचललं जावं, दुसऱ्यांदा टेकवलं की पडावं. ज्यांना एका टिचकीतच टाकायचंय त्यांना ती मुभा ठेवा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रविवारी डाव बसतो, त्यातले दोघे दुसऱ्या टिचकीच्या नुसत्या उल्लेखाने चिडतात.

जिंकलेल्या मेंढ्या मात्र कायम उघड्या दिसल्या पाहिजेत. नव्या रूपात त्या 'गुणफलक' उघडल्यावर दिसतात. मेंढीकोटात टेबलावर बसलेला कुणीही मान न वळवता सांगू शकतो की कुठल्या दश्श्या गेल्या आणि कोट लागण्याची भीती आहे का. ही माहिती दडवली की खेळच बदलला. पडदा मोकळा दिसावा म्हणून गोष्टी आत ढकलायची आजच्या डिझायनरांना फार हौस आहे. मोकळा पडदा बघायला कुणी येत नाही, मेंढ्या मोजायला येतात.

लयीचं सांगते. हात संपला की पानं गोळा होऊन जिंकणाऱ्याकडे सरकतात, ते चलचित्र मी घड्याळ लावून मोजलं, सव्वा सेकंद. एका डावात तेरा हात. म्हणजे डावामागे सोळा सेकंद लोक नुसते बघत बसतात. जुन्यात पानं फटकन नाहीशी व्हायची. सरकणं ठेवायचं तर ठेवा, पण ते चालू असतानाच पुढची उतारी करता आली पाहिजे. आणि पान आपटल्याचा तो जुना आवाज काढू नका, कृपा करा. नवा आवाज एखाद्या बँकेच्या ॲपसारखा आहे.

तुमचे बरेच खेळाडू परतीच्या गाडीत असतात असं तुम्ही लिहिलंय. मग वाटेत गाडी बोगद्यात शिरली आणि नेटवर्क गेलं की काय होतं ते बसून बघा. सध्या गोल चक्र फिरतं आणि माणसाला कळत नाही की टाकलेलं पान पोहोचलं की नाही. तिथे साधं मराठीत लिहा, 'जोडणी तुटली. तुमचं पान पोहोचलं आहे' किंवा 'पोहोचलं नाही', जे खरं असेल ते. बाकीच्या तिघांनाही दिसू दे की भिडू पळालेला नाही, थोडा वेळ थांबा. नव्या राणीपेक्षा याचे आभार लोक जास्त मानतील.

अक्षरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. तुमची मराठी अक्षरं चित्रं म्हणून चिकटवलेली आहेत, म्हणून मोठी केली की फुटतात. २००९ मध्ये दुसरा सोपा मार्ग नव्हता, मान्य. आता खरा मजकूर ठेवा, ब्राउजर जोडाक्षरं नीट लावतो. मुलाला सगळं युनिटीत, म्हणजे खेळ बनवायच्या त्या तयार साधनात, न्यायचंय असं दिसतं. तर त्याला आधीच सांगा की तिथलं नेहमीचं मजकुराचं साधन देवनागरी आपणहून जुळवत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या उलट्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरं तुटतात, वेगळी सोय करावी लागते. चाचणीसाठी 'किती', 'दश्शी', 'मेंढ्या', 'हरणाऱ्याने' हे शब्द द्या. हे चार नीट आले तर बाकीचे येतील. फॉन्ट फुकट हवा असेल तर मुंबईच्याच एक टाइप या मंडळींचा 'मुक्ता' घ्या, बारीक अक्षरातही वाचता येतो. आणि बटणाची उंची इंग्रजी शब्दावरून ठरवू नका. नव्या रूपात 'हुकूम' चे दोन्ही उकार कापले गेलेत. तिथे आता 'हकम' लिहिलंय. पिवळट पार्श्वभूमीवर राखाडी अक्षरं तर उन्हात दिसणारच नाहीत. मजकूर आणि मागचा रंग यांचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं असा वेबवरचा संकेत आहे, ते मोजायची साधनं फुकट मिळतात.

शेवटी, बाहेर कधी काढायचं. दिवाळीत नक्की नाही, तुम्ही फराळ करत असता आणि लोक खेळत असतात. आधी वीस-पंचवीस जुन्या माणसांना द्या. 'ईव्ह ऑनलाइन' या अंतराळातल्या खेळाने २०२२ मध्ये नवी मांडणी आधी ऐच्छिक म्हणून दिली, तक्रारी घेऊन सुधारली, जुनी फार नंतर काढली. बहुधा ठेच लागून शिकले असतील: डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या रूपपालटाच्या अद्ययावतीने काही जणांच्या विंडोज एक्सपीमधली 'बूट.आयएनआय' फाइलच पुसली होती. खेळाची स्वतःची त्याच नावाची एक फाइल होती, ती काढायला गेले आणि संगणक सुरू व्हायचा बंद झाला. तुमचा खेळ ब्राउजरमध्ये आहे, तेवढं तरी सुख.

त्या वीस-पंचवीस जणांतल्या तिघांच्या मागे स्वतः जाऊन बसा. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मुलालाही न्या.

प्रश्न : मी उपयोजित कलेचा विद्यार्थी आहे. एका जुन्या ऑनलाइन खेळाची हजारो छोटी चित्रं मोठी करायचं काम मिळालंय. मालक म्हणतात, एआयला दे, रात्रीत होईल. द्यावं का? – एक वाचक, वसई

उत्तर : गवत, दगड, भिंती दे. चेहरे, पाट्या आणि बटणांवरची चिन्हं देऊ नकोस. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' च्या तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती आली तेव्हा यंत्राकडून मोठ्या केलेल्या चित्रांत दुकानांच्या पाट्यांवरची स्पेलिंग चुकली होती. एका डोनटच्या दुकानाच्या नावातच 'नट' आहे, त्याची खूण म्हणजे लोखंडी षटकोनी नट. तो नव्या आवृत्तीत गुळगुळीत गोल झाला. विनोद गेला. कंपनीला माफी मागावी लागली. यंत्राला कोपरे खरखरीत दिसतात म्हणून ते घासतं, पण कोपरा मुद्दाम आहे की चित्र लहान होतं म्हणून आलाय हे त्याला कळत नाही. तुला कळतं, त्याचेच पैसे घे. देवनागरी पाटी असेल तर विचारूच नको, शिरोरेषा आणि मात्रा यांचा खिमा होतो. ती नव्याने लिही. आणि सोळा बाय सोळाच्या चौकटीत काढलेलं जुनं चिन्ह आठपट करण्यापेक्षा, ते लांबून ओळखू का येत होतं ते बघ आणि कोरं काढ. जुन्या चित्रकाराने चार ठिपक्यांत तलवार दाखवली असेल तर ते चार ठिपके कुठे आहेत हे महत्त्वाचं.

प्रश्न : मी ६८ वर्षांची आहे. फोनवर शेतीचा एक खेळ बरीच वर्षं खेळते. परवा सकाळी उघडला तर सगळंच बदललेलं. पाणी घालायचं बटण सापडत नाही, अक्षरं बारीक, सगळीकडे काहीतरी चमकतंय. मुलगा म्हणतो, 'आई, काळाबरोबर चालायला शीक.' नातवाच्या मित्राने जुनी आवृत्ती कुठून तरी आणून देतो म्हटलंय. घेऊ का? – एक काकू, डोंबिवली

उत्तर : काकू, घेऊ नका. अनोळखी ठिकाणची फाइल फोनमध्ये टाकली की तिच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही, आणि त्याच फोनवर तुमचं पेन्शनचं खातं असणार. शिवाय अशा खेळांचा सर्व्हर जुन्या आवृत्तीला बहुतेक वेळा आतच घेत नाही, 'अपडेट करा' म्हणतो आणि पुन्हा तिथेच येतो आपण.

खेळाच्या सेटिंगमध्ये आधी बघा, 'ग्राफिक्स', 'इफेक्ट्स' असं काही असेल तर ते कमीवर करा, चमकणं थांबेल. अक्षरं खेळातून मोठी होत नसतील तर फोनच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले साइझ' वाढवून बघा. सगळ्या खेळांत चालत नाही, पण पैसे पडत नाहीत.

मग तक्रार करा. करतात काकू, आणि कंपन्या वाचतात. फक्त 'पूर्वीचं छान होतं' असं लिहू नका, त्याचं ते काही करू शकत नाहीत. असं लिहा: पूर्वी पाणी घालायला एकदा टेकवावं लागायचं, आता तीनदा लागतं. बटण पूर्वी खाली उजवीकडे होतं, आता पिशवीच्या आत आहे. अक्षरं चष्मा लावूनही वाचता येत नाहीत. सोबत पडद्याचा फोटो. नातवाला फोटो जोडायला लावा, त्या मित्राला नाही. प्ले स्टोअरवरच्या अभिप्रायात तेच पुन्हा लिहा, तिथे सगळ्यांना दिसतं. दोन वर्षांपूर्वी एका खेळाच्या कामात मी होते. 'मला दिसत नाही' म्हणणारी पत्रं बाजूला पडायची, 'तीनदा टेकवावं लागतं' म्हणणारी थेट आमच्या टेबलावर यायची.

आणि मुलाला म्हणावं, त्याच्या ऑफिसातलं हजेरीचं ॲप बदललं तेव्हा तो काय म्हणाला होता ते आठवून बघ.

प्रश्न : काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा नवा खेळ नको, मला त्याच्या आधीचं जुनं सीएस:गो हवंय. मिळेल का? – लालबाग, वय १७

उत्तर : अर्धं मिळेल. २७ सप्टेंबर २०२३ ला नव्याने जुन्याची जागा घेतली, पण जुन्याची एक गोठवलेली प्रत स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आहे. खेळाच्या नावावर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'बीटाज', आणि यादीतून जुनी शाखा निवड. बॉट्सबरोबर, म्हणजे संगणकाच्या भिडूंबरोबर, खेळता येतं, कंपनीचे अधिकृत सामने मिळत नाहीत, आणि १ जानेवारी २०२४ पासून तिला दुरुस्त्याही नाहीत. तुझी चिडचिड समजते. तिथे नुसतं रूप नाही बदललं, आडोशासाठी फेकतात तो धूरसुद्धा बदलला. जुना धूर नुसता पडदा होता, नव्यात गोळी मारली की भोक पडतं आणि पलीकडचा दिसतो. जुन्या प्रतीवर सराव करून नव्यात गेलास तर पहिल्याच धुरामागे मरशील.